रंगरावच्या वडावरची हरियलं

ज्या दिवशी हरियलांचा थवा माझ्या उंबरावर न उतरता नाल्यापलीकडे रंगरावच्या वडावर जाऊन बसला, त्या दिवशी मला चांगुणा मेल्याचं कळलं.

तशी ती पौषातच गेली होती. मीच तिला अग्नी दिला होता. तेरवी झाली, आमची लेक बना वडनेरला आपल्या घरी परत गेली, शेजारपाजारच्या बायांचं येणं थांबलं. मी सकाळी उठून चूल पेटवत होतो, भाकर करपवत होतो, बैल घेऊन घरालगतच्या मळ्यात येत होतो. पण बायको माहेरी गेली आणि चार दिवस जास्त राहिली म्हणजे घर जसं वाटतं, तसंच मला वाटत होतं. येईल, असं.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. कांद्याला पाणी चाललं होतं आणि मी मोटेवर होतो. सातपुड्याच्या अंगाने पंखांचा आवाज आला. हरियलं येतात तेव्हा आधी आवाज येतो, मग पाखरं दिसतात. मी नाडा हातात धरून वर बघितलं. पंचवीस-तीस तरी असतील. सरळ माझ्या विहिरीवर आली, उंबराच्या शेंड्याला एक वळसा घातला आणि निघून गेली. नाल्यापलीकडे रंगरावचा वड आहे, त्यात शिरली. शिरली आणि दिसेनाशी झाली. मग ती शीळ ऐकू आली. माणूस काम करता करता आपल्याशीच शीळ घालतो, तशी असते ती.

बैल धावेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मोट थारोळ्यात रिकामी झाली. मला बैल मागे घ्यायचं सुचेना.

"काय बे तुळशा!" पलीकडून रंगराव ओरडला. "पाह्यलं का? तुह्ये पावने औंदा माह्या घरी उतरले!"

रंगराव मनाचा वाईट नाही. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो, एका तालमीत माती खाल्ली. त्याचं बोलणं लहानपणापासून असंच. पण त्या सकाळी ते माझ्या काळजाला लागलं.

"माह्ये नाही थे," मी म्हणालो. "तिचे हायेत."

"मंग काही काय्जी नोको करू. वयनीच्या पावन्याइले उपाशी ठेवत नाही मी."

तेवढ्यात त्याची बायको गोजरबाई न्याहारी घेऊन आली. दोघं वडाखाली बसले. तिने फडकं सोडलं, वर बघून ती काहीतरी बोलली, तो हसला. मी नाल्याच्या अलीकडे उभा राहून बघत होतो. रंगरावने दिवाळीला विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं. आमच्या शिवारातलं पहिलं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. उलट मनात म्हटलं होतं, बरं झालं, या फटफट आवाजाने एकही पाखरू तुझ्या वडावर यायचं नाही. आता इंजिन फटफटत होतं, बायको शेजारी बसली होती आणि वरती हरियलं होती. सगळं त्याच्याकडे.

हरियल म्हणजे रानातलं कबूतर, पण हिरवं. खांद्यावर जांभळा डाग आणि पाय हळदीसारखे पिवळे. दाणा खात नाही, किडा खात नाही. फळावर जगतं. उंबर, वड, पिंपळ, पाकर, जे पिकेल तिथे येतं. हे सगळं मला चांगुणेनं सांगितलं. माझी जमीन, माझं झाड, पण लग्न होईपर्यंत मी त्या झाडावर कधी पाखरू बघितलं नव्हतं. ती आल्यावर मला दिसायला लागलं. तेही नीट नाही.

"आवो, इकडं या. सांगा बरं, त्या फांदीवर किती हायेत?"

"मले तं पानंच दिसून राह्यले."

"सात हायेत. मानूस दिसलं का हालत नाही थे. तुमच्यावानी. काम सांगतलं का जागच्या जागी."

ती अशी बोलायची. सकाळी थवा शेंड्यावर ऊन खात बसायचा तेव्हा ती शेणाचे हात तसेच ठेवून उभी राहायची. माझी भाकर तव्यावर करपली तरी तिला कळायचं नाही. उलटं लटकून फळ तोडणारं पाखरू दिसलं की लहान पोरीसारखी हसायची. सत्तावीस वर्षं संसार केला. ती मला कधी उलट बोलली नाही असं नाही, पण मला काही कमी पडू दिलं नाही तिने. तरी खरं सांगतो, त्या पाखरांकडे ती जशी बघायची तसं माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मला त्या पाखरांचा राग यायचा. एकदा मी जाणूनबुजून खाकरलो आणि सगळा थवा उडाला. ती काही बोलली नाही. दिवसभरच बोलली नाही.

एका वर्षी उंबराच्या खालच्या फांदीत त्यांनी घरटं केलं. घरटं कसलं, चार काड्या आडव्या-उभ्या टाकलेल्या. खालून दोन पांढरी अंडी दिसत होती.

"हे काय घर झालं?" मी म्हणालो. "याच्यापेक्षा होल्याचं घरटं बरं."

"घर कसं बी असो, घरधनी बसते ना त्याच्यात. दिवसभर नर अंडे उबवते आन् दिवस कलला का मादी बसते. तुमी बनाच्या टायमाले किती दिवस बसले होते पोरीजवळ?"

"तुले कोनं सांगतलं नर बसते म्हून? दोघं बी सारखेच दिसतात."

"कय्यूमभाऊनं."

कय्यूम जळगावचा कल्हईवाला. सायकलवर भाता बांधून वर्षातून दोनदा आमच्या गावात यायचा आणि माझ्या उंबराच्या सावलीत बसून गावाची भांडी पांढरी करायचा. चांगुणेला पाखरांबद्दल जे काही ठाऊक होतं त्यातलं निम्मं त्याने सांगितलेलं. हरियल भुईला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरलंच तर पायात काडी धरून उतरतं, हेही त्याचंच. तो बोलायचा आणि ती हातातलं काम सोडून ऐकायची. मी थारोळ्यावर बसून विडी ओढायचो आणि मनात म्हणायचो, ही भट्टी लवकर का विझत नाही.

गेल्या कार्तिकात चांगुणेला ताप आला. बैलगाडी जुंपून मी तिला जळगावला नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, गोळ्या दिल्या, ताप उतरला. आठ दिवसांनी पुन्हा चढला. पुन्हा नेलं. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "आता गाडीत नोको. हाडं वाजतात माह्ये."

मला माझ्या आईचं आठवलं. आमच्याकडे गोवर आला, अंगात उष्णता शिरली, की उंबराचं पाणी देतात. उंबराच्या बुडाशी खणायचं, चांगली जाड मुळी बघायची, ती तिरपी तोडायची आणि तोडलेलं टोक मडक्याच्या तोंडात सोडायचं. तोंडाला फडकं बांधायचं, वरून पाला टाकायचा. संध्याकाळी लावलं की सकाळपर्यंत थेंब थेंब करून पाणी जमतं. आईने मला लहानपणी पाजलं होतं. एक मुळी, तीन दिवस. तेवढंच घेतात.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. पहिला खड्डा विहिरीच्या बाजूला केला. ती मुळी आटली तेव्हा शेजारची तोडली. तिथलं संपल्यावर बांधाकडे दुसरा खड्डा केला. मग उगवतीला तिसरा. किती मुळ्या तोडल्या ते मोजलं नाही. मनगटाएवढ्या तोडल्या, पोटरीएवढ्या तोडल्या. रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन तिच्या उशाशी जायचो आणि ती उठून बसून सगळं प्यायची.

"कसं वाटते?"

"बरं वाटते," ती म्हणायची.

मी खड्ड्यावर असायचो तेव्हा गोजरबाई तिच्याजवळ बसायची. तिची वेणी घालायची, पाय दाबायची. पौषातल्या त्या सकाळी मी उगवतीच्या खड्ड्यात वाकलो होतो. मडकं काढायला हात घातला आणि घराकडून गोजरबाईची हाक आली. हाक कसली ते ऐकताक्षणी कळलं. मी मडकं सोडून धावलो. पोचलो तेव्हा चांगुणेच्या ओठांवर पाणी होतं. शेवटचं पाणी गोजरबाईनं घातलं होतं, आपल्या हाताने, साध्या माठातलं.

तेव्हापासून मी गोजरबाईशी धड बोललो नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती दारात आली. म्हणाली, "भाऊजी, चांगुणाबाईनं काही सांगतलेलं हाये. तुमाले सांगाचं होतं."

"मले कोनाचं काही ऐकाचं नाही," मी म्हणालो आणि कवाड लोटलं.

मला ठाऊक होतं, तिचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्या जागेवर ती बसली होती आणि ते मला सोसत नव्हतं.

म्हणून हरियलं तिच्याच वडावर गेली हे मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी घासलेटचा रिकामा डबा आणि काठी घेऊन नाल्याच्या काठावर गेलो आणि डबा बडवायला लागलो. थवा उडाला. उंबरावरून एक घिरटी घातली, मला वाटलं आता बसतील, पण गेला डोंगराकडे. घटकाभराने परत वडावर. मी पुन्हा डबा बडवला. तीन दिवस हेच. माझे कांदे वाळायला लागले.

रंगरावने पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी तो काठावर आला.

"तुळशा, येडा झाला काय बे? माह्या झाडावरचे पाखरं तू काऊन हाकलून राह्यला?"

"तुह्या झाडावरचे? आजपावतर कोनाच्या झाडावर येत होते थे?"

"येत होते तं येत होते. आता नाही येऊन राह्यले. मी काय त्याइले चिठ्ठी धाडली?"

"इंजिन आणलं, पाखरं बी घेतले. अजून काय पाहिजे तुले माह्यं?"

रंगराव माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आधी जेव रे बाबा तू. तोंड पाह्य कसं झालं तुह्यं." आणि निघून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी गोजरबाईनंही वडाखालून हाक मारली, "भाऊजी, डबा वाजवून वाजवून हात दुखला असन. च्या घेऊन जा." मी म्हणालो, "तुमची च्या तुमालेच लखलाभ." तिने कप परत किटलीत ओतला. तिच्या तोंडावर राग नव्हता. तेही मला आवडलं नाही.

त्याच आठवड्यात कय्यूम आला. त्याला चांगुणेचं कळलेलं नव्हतं. सायकल उंबराला टेकवून तो नेहमीसारखा ओरडला, "भाभी, आनो तांबे-पितळ!" मी पुढे झालो आणि सांगितलं. तो खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ भात्याच्या कातड्यावरून हात फिरवत राहिला. माझ्या बायकोसाठी हा माणूस असा बसला, हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, याचा काय हक्क.

मग मी म्हणालो, "कय्यूमभाई, तुमच्याकडं ठासनीची बंदूक होती ना बापाची?"

"होती."

"उद्या घेऊन या. त्या वडावरचे सारे हरियल मारून टाका. एक बी ठेवू नोका. खा, नाहीतं इका, माह्यं काही म्हननं नाही."

कय्यूमने माझ्याकडे बघितलं. "भाऊ, थे बंदूक म्या सात साल पह्यले इकली."

"काऊन?"

"भाभीनं सांगतलं म्हून. ह्याच झाडावरचे दोन पाडले होते म्या. भाभी आली, एक अक्षर शिवी नाही देली. म्हने, 'कय्यूमभाऊ, आजपासून तुमी एक तं कल्हई करा, नाहीतं शिकार करा. दोन्ही नोको.' म्या म्हनलं, कल्हईवर पोट नाही भरत, भाभी. तं दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात फिरली थे. घरोघर. मानिकराव पाटलाच्या वाड्यापासून तं म्हारवाड्यापावतर. टोपल्यात भांडे भरभरून आनले. तवापासून ह्या गावात मले कधी हाक नाही माराव लागली. तुमाले नाही मालूम?"

मला मालूम नव्हतं. सात वर्षं वर्षातून दोनदा माझ्या झाडाखाली अख्ख्या गावाची भांडी यायची आणि मला वाटायचं सावली चांगली आहे म्हणून येतात.

कय्यूम उठला आणि उंबराच्या बुंध्याभोवती फिरायला लागला. खोडाला हात लावून वर बघत होता. फाल्गुनात उंबराच्या खोडाला घोसच्या घोस लागलेले असतात, खाली सडा असतो, मुंग्या असतात, वास असतो. तिथे काही नव्हतं. आलेली बारीक फळं केव्हाच सुकून गळून गेली होती. शेंड्याची पानं पिवळी पडली होती. मला ते दिसलं नव्हतं असं नाही. दोन महिने मी झाडाकडे पाठ करून मोट हाकत होतो.

"एक बी फळ नाही," तो म्हणाला. मग त्याचा पाय पाल्यात खचला. त्याने पाला बाजूला सारला आणि खड्डा बघितला. दुसरा बघितला. "तुळशीरामभाऊ, मुळ्या कोनं तोडल्या?"

मी पायाने पाला परत खड्ड्यावर सारला.

"पाखरू रुसत नसते, भाऊ. जिथं फळ तिथं थे. तुमच्या झाडाचं पानी तुमीच काढून घेतलं, मंग थे काय खाईन?"

"तिच्यासाठी काढलं," मी म्हणालो. "शौकासाठी नाही काढलं."

"मालूम हाये." त्याने टोपी डोक्यावर घातली. त्या दिवशी त्याने माझ्या घरातली भांडी कल्हई करून दिली आणि जाताना ती स्वतः आत नेऊन फळीवर लावली. कोणतं कुठे ठेवायचं ते त्याला माहीत होतं.

एवढं कळल्यावर माणसाने शहाणं व्हावं. मी झालो नाही. घरात बसून ती पांढरीशुभ्र भांडी बघितली आणि माझं डोकं जास्तच फिरलं. बंदूक विकायला लावली ते कय्यूमला ठाऊक, शेवटचा श्वास गोजरबाईला ठाऊक, पाखरं रंगरावच्या वडावर, आणि माझ्या वाट्याला काय आलं, तीन खड्डे.

सकाळी मी गोफण घेतली. जवारीच्या राखणीला वापरायचो ती. नाल्याच्या काठावर उभं राहून दगड घातला आणि फिरवली. मारायचं होतं का? मी स्वतःला सांगत होतो की नुसतं हाकलायचं आहे. हाकलायला दगड झाडाच्या वरून टाकतात. मी मध्यावर टाकला.

थवा फुटून उडाला. एक पाखरू पानांतून आपटत खाली आलं.

मी नाला ओलांडून धावलो तोवर गोजरबाई तिथे पोचली होती. हरियल कुशीवर पडलं होतं. डोळा उघडा होता. पिवळ्या पायात बारीकशी काडी होती, ज्या फांदीवर बसलं होतं तिची मोडून आलेली. ती त्याने सोडली नव्हती. गोजरबाईनं त्याला पदरात घेतलं आणि उठून उभी राहिली. मला वाटलं आता ही मला शिव्या देईल. रंगराव इंजिन बंद करून आला.

"मारलं त्यानं?" त्याने विचारलं.

"जीव हाये," ती म्हणाली. "तुमी थांबा, जवळ येऊ नोका." मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, आज कवाड नाही इथं. आज ऐकाच लागन."

मी उभा राहिलो.

"मार्गशीर्षात एक दिवस तुमी खड्ड्यावर होते. चांगुणाबाई मले म्हने, 'गोजरबाई, ह्यायनं झाडाच्या साऱ्या मुळ्या तोडल्या. औंदा उंबर लागत नाही. पाखरं तुमच्या वडावर येतीन. रंगरावभाऊले सांगजा, कोनाले बंदूक घेऊन येऊ देऊ नोका आन् डबे वाजवू देऊ नोका.' म्या म्हनलं, 'अवं बाई, मंग त्यायले सांग ना, मुळ्या नोको तोडू म्हून.'"

"मंग?" मी म्हणालो.

"तं म्हने, 'नोको सांगू. पानी आनून राह्यले तं आनू दे. मले काही गुन नाही त्याचा, पन मी पेते. त्यायच्या हाताले काम नाही राह्यलं तं थे माह्याकडं पाह्यत बसतीन आन् मले थे पाह्यवनार नाही.'"

रंगराव खाली बघत होता. माझ्या तोंडातून निघालं ते हेच, "हे तुमाले सांगतलं. मले नाही सांगतलं."

"तुमाले कसं सांगन?" गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुमाले सांगू नोको असंच तं सांगतलं! आन् म्हने, 'मी गेल्यावर ह्यायले सांगजा, खड्डे बुजवा. चांगली काळी माती टाका, शेणखत टाका, पावसाळ्याच्या आत. झाड मरू देऊ नोका.' थेच सांगाले आले होते मी तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. तुमी कवाड लावलं."

तिने पाखरू वडाच्या खालच्या फांदीवर ठेवलं. हात काढून घेतला तेव्हा ते डगमगलं, मग पाय आवळून बसलं. पायातली काडी खाली पडली. आम्ही तिघं मागे सरलो. बराच वेळ ते हललं नाही. मला ते पानांत दिसेनासं झालं होतं.

"गेलं का?" मी विचारलं.

"हाये तिथंच," गोजरबाई म्हणाली. "पाह्या ना नीट. दोन पानाच्या मंधात."

मी बघितलं. दिसलं. थोड्या वेळाने ते उडालं, थोडं तिरपं, आणि वरच्या फांद्यांत गेलं. मला त्या क्षणी आनंद झाला नाही. मला गोजरबाईचा हेवा वाटला. तिच्याशी चांगुणा एवढं बोलली होती. माझ्याशी ती "बरं वाटते" एवढंच बोलायची आणि तांब्या रिकामा करायची.

त्या दिवशी दुपारी रंगराव न विचारता गाडी घेऊन आला. गाडीत शेणखत होतं.

"हे काऊन आनलं?" मी म्हणालो.

"तुह्यासाठी नाही आनलं. झाडासाठी आनलं. पावने माह्या घरी किती दिवस पोसू मी?"

मी हसलो नाही, पण फावडं उचललं. विहिरीकडचा खड्डा आम्ही दोघांनी बुजवला. तोडलेल्या मुळ्यांच्या टोकांवर त्याने शेण-मातीचा लेप दिला. बांधाकडचा खड्डा मी दुसऱ्या दिवशी एकट्याने बुजवला. माती दाबली, वरून आळं केलं. रंगरावने नाल्यावर पन्हळ टाकून इंजिनचं पाणी माझ्या उंबराला काढून दिलं. ते मी घेतलं. कांद्याला नाही घेतलं.

हरियलं वैशाख सरला तरी वडावर आहेत. सकाळी मी मोट जुंपण्याआधी काठावर जाऊन बसतो. गोजरबाई चहा आणते, मी पितो. किती आहेत ते मोजतो. कधी बावीस होतात, कधी एकोणीस. चांगुणा असती तर बरोबर आकडा सांगितला असता. गोजरबाई म्हणते, "आज चोवीस हायेत, भाऊजी." मी म्हणतो, "एकवीस." आम्ही त्यावर भांडतो. तिचं बरोबर असतं, हे मला माहीत असतं.

उंबराला शेंड्याकडे दोन-चार नवी पानं फुटली आहेत. फळ पुढच्या वर्षी लागेल का ते कोणाला सांगता येत नाही.

आता मृग तोंडावर आला आहे. उगवतीच्या खड्ड्यावर मी एक फरशी टाकून ठेवली आहे. खाली मडकं आहे, त्या सकाळी जसं सोडून धावलो तसंच. त्याच्या तोंडाला तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला आहे. काळी माती आणि खत फरशीशेजारी ढीग करून ठेवलं आहे, फावडंही तिथेच आहे. रंगराव रोज विचारतो, "झाला का बे तिसरा?" मी म्हणतो, उद्या.

तो खड्डा बुजवायचा राहिला आहे.